कमांडरला पाच गिअरचा बॉक्स बसवतोय, क्लचचे सिलेंडर कोणत्या मापाचे घ्यावेत?

धारूरची_कमांडर
४ मे, रात्री ९.४०

रामराम मंडळी.

वडिलांची महिंद्रा कमांडर डीआय आहे, १९९८ सालची. अकरा वर्षं धारूर-तेलगाव-माजलगाव काळी-पिवळी म्हणून चालली, नंतर घरी उभी राहिली. आता खताची पोती, बाजाराचा माल आणि लग्नसराईत पाहुणे, एवढंच तिचं काम. जुना चार गिअरचा बॉक्स तिसऱ्यातून सटकायला लागला होता. घाट उतरताना एका हाताने दांडा दाबून धरावा लागायचा. म्हणून संभाजीनगरच्या भंगार बाजारातून बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्स आणला, बेल हाउसिंग (बॉक्स इंजिनाला जोडणारं घर) आणि क्लच दाबणाऱ्या फोर्कसकट. इंजिनाला हात लावलेला नाही. प्रोपेलर शाफ्ट लेथवर जुळवून घेतला, मागचं माउंटिंग नवीन केलं. इथपर्यंत जमलं.

अडलंय ते क्लचवर. आमच्या गाडीत पॅडलपासून फोर्कपर्यंत रॉड आणि आडवा शाफ्ट होता. नवीन बेल हाउसिंगवर ते लिंकेज बसंना, तिथं खालच्या सिलेंडरसाठी दोन बोल्टांची जागा आहे. म्हणजे वर पॅडलपाशी ऑइल ढकलणारा मास्टर सिलेंडर, खाली फोर्क हलवणारा स्लेव्ह, मधी पाइप, असं सगळं नव्यानं करायचं. तीन दुकानं फिरलो. एक म्हणतो पाच सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मास्टर घाल, पॅडल हलकं राहील. दुसरा म्हणतो सात सुताचा घाल, ताकद येते. तिसऱ्यानं समोर जो होता तोच पुड्यातून काढला.

पैसे एकदाच घालायचे आहेत. पेरणीआधी गाडी रस्त्यावर पाहिजे. कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.


मांजराकाठ
४ मे, रात्री १०.१५

केबल टाका आणि मोकळे व्हा. तुटली तर बाभळीच्या सावलीत बसून अर्ध्या तासात बदलता येते. सिलेंडर गळला तर रानात काय करणार?


वाळूज_टूलरूम
५ मे, सकाळी ७.०५

केबलचा मुद्दा खोटा नाही, पण या बॉक्सवर केबलला आधार देणारा कानच नसतो. तो वेल्ड करून बनवायचा, केबलला सरळ वाट शोधायची, आणि गरम सायलेन्सरच्या बाजूने वळण आलं की केबल आतून घासत राहते. बेल हाउसिंगवर स्लेव्हची जागा तयार असताना हे उलटं काम करू नका.

आता सिलेंडरच्या मापाबद्दल. मी वाळूजला टूलरूममध्ये आहे, मोजमाप हेच रोजचं काम. पुड्यावर काय लिहिलंय किंवा कुठल्या गाडीचा आहे, ते आत्ता बाजूला ठेवा. प्रश्न एवढाच आहे की पॅडल एकदा पूर्ण दाबल्यावर मास्टर किती ऑइल ढकलतो आणि तेवढ्या ऑइलने स्लेव्हचा दांडा किती पुढे येतो.

विहिरीवरचा पोहरा डोळ्यासमोर आणा. मोठा पोहरा एका खेपेत पाणी जास्त आणतो, पण ओढायला जड. लहान पोहरा हलका, पण खेपा जास्त. क्लचमध्ये खेप एकच असते, दुसरी मारायची सोय नाही. त्या एका खेपेत जेवढं ऑइल लागतं तेवढं मास्टरने दिलंच पाहिजे, आणि त्याहून फार जास्तही देऊ नये.

मास्टर जाड केला की 'ताकद येते' हा गैरसमज गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतो. तुमच्या पायाचा जोर तेवढाच असतो. तो जोर जाड पिस्टनवर पसरला की दाब कमी होतो, म्हणजे पॅडल जड होतं. जाड मास्टरने मिळतो तो दांड्याचा प्रवास. बारीक मास्टरने पॅडल हलकं होतं, पण प्रवास कमी पडला की प्लेट पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो.

म्हणून आधी तीन मापं घ्या. पॅडलच्या खिळीपासून पायाच्या पट्टीपर्यंतचं अंतर आणि खिळीपासून पुशरॉडपर्यंतचं अंतर, म्हणजे पॅडलचं गुणोत्तर निघेल. पॅडल वरून खालपर्यंत किती मिलिमीटर जातं ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोर्कचं टोक किती हललं की प्लेट मोकळी होते ते. तिसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत आणि मग सिलेंडरवर सिलेंडर बदलत बसतात.


लातूर_औसारोड
५ मे, दुपारी १.३०

माझे मामा चाळीस वर्षांपासून मिस्त्री आहेत. त्यांना धागा वाचून दाखवला. ते सांगायलेत, मी टाइप करायलोय.

"फोर्क बघितला का आधी? भंगारातला बॉक्स हाय. फोर्क जिथं गोळीवर टेकतो तिथं खड्डा पडलेला असतोय. तो खड्डा दीड-दोन मिलिमीटरचा असला तरी टोकाला दुप्पट फरक पडतो. गोळी आन् फोर्क दोन्ही बघ, झिजलं असंल तर नवं घाल, मग माप घे.

दुसरं, बेअरिंग कोणतं हाय ते बघ. काही बेअरिंगं कायम प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकून फिरायसाठीच केलेली असतेत, त्यांच्या स्लेव्हमधी आत हलकी स्प्रिंग असती. काहींना मात्र जागा सोडावी लागती, फोर्कला बाहेरून स्प्रिंग लावून दोन-तीन मिलिमीटर मोकळं ठेवावं लागतं. जुनं बेअरिंग आन् नवा स्लेव्ह असं मिसळलं की बेअरिंग दिवसभर फिरत राहतं आन् सहा महिन्यांत ओरडायला लागतं. बेअरिंग आन् स्लेव्ह एकाच जातीचं पाहिजे.

तिसरं. निप्पल वर पाहिजे. स्लेव्ह उलटा बसवला आन् हवा काढायचं निप्पल खाली गेलं, तर जन्मात हवा निघत न्हाई. पोरं दोन-दोन दिवस पंप मारत बसतेत."

मामा म्हणाले दुकानदाराचं ऐकू नको, व्हर्नियर घेऊन जा.


धारूरची_कमांडर
८ मे, रात्री ८.५०

मामांना नमस्कार सांगा. फोर्क काढून बघितला. गोळीच्या जागेवर नखानं लागेल एवढा खड्डा होताच. फोर्क आणि गोळी दोन्ही नवीन घातले. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट नवीन आहेत. बेअरिंग कायम टेकून फिरणाऱ्यातलं आहे, म्हणून स्लेव्हही आत स्प्रिंग असलेला घेणार.

आज सुट्टी काढून सगळी मापं घेतली. कशी घेतली ते लिहितो, पुढं कुणाला लागली तर.

मागची दोन्ही चाकं उचलून एक्सलखाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. पुढच्या चाकांना दगड लावले. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. स्लेव्हच्या दोन बोल्टांच्या जागेवर एक पट्टी लावली, तिच्या मधोमध नट वेल्ड केला आणि त्यातून एक लांब बोल्ट फोर्कच्या टोकावर आणला. आता बोल्ट आवळला की फोर्क हलतो, जसा स्लेव्हने हलवावा तसा. धाकटा भाऊ मागे प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवायला बसला.

सुरुवातीला शाफ्ट घट्ट. मी बोल्ट आवळत गेलो आणि दर फेरीला फोर्कचं टोक किती सरकलं ते व्हर्नियरनं बघत गेलो. दहा मिलिमीटर, बारा, तरी घट्टच. तेरा वर थोडा घासत फिरायला लागला. चौदावर भाऊ ओरडला, "दादा, सुटला!" शाफ्ट एका बोटानं फिरत होता. बोल्ट मागे घेऊन तीनदा केलं, तिन्ही वेळा चौदाच्या आसपास.

फोर्कवर जोर किती लागतो तेही बघितलं. आमच्याकडं कापूस वेचणीचा लटकवायचा डिजिटल काटा आहे, बायांची वेचणी किलोवर मोजतो तो. त्याचा हुक फोर्कच्या टोकाला, दुसरं टोक साखळी आणि टर्नबकलनं चेसिसला. टर्नबकल आवळत नेला. प्लेट सुटायच्या ठिकाणी काट्यावर साठ किलोच्या आसपास आकडा आला.

पॅडल: खिळीपासून पट्टीपर्यंत ३०० मिमी, खिळीपासून पुशरॉडच्या भोकापर्यंत ५० मिमी. वरून खालपर्यंत १५० मिमी जातं. बेल हाउसिंगच्या जागेत सात सुताचा स्लेव्ह बसतो, तो आणून लावून बघितला, दांडा फोर्कच्या खळग्यात सरळ बसतोय.

आता मास्टर कोणता?


वाळूज_टूलरूम
८ मे, रात्री ११.२०

धारूरकर, इतकं व्यवस्थित मोजून आणल्यावर उत्तर देणं सोपं आहे. कापसाच्या काट्यावर क्लच मोजलेला मी पहिल्यांदा पाहिला आणि पद्धत अगदी बरोबर आहे.

पॅडलचं गुणोत्तर ३०० भागिले ५०, म्हणजे ६. पॅडलच्या १५० मिमीतले वरचे दहा मोकळ्या खेळासाठी सोडा. उरले १४०. त्याला ६ ने भागलं की मास्टरचा पिस्टन २३.३ मिमी सरकतो.

सात सूत म्हणजे २२.२ मिमी. त्या स्लेव्हच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३८८ चौरस मिमी. प्लेट चौदावर सुटते, पण चौदावर थांबायचं नाही. प्लेट गरम झाली, पाइप थोडा फुगला, सील थोडं झिजलं, तरी सुटली पाहिजे. म्हणून सतरा धरा.

पाच सुताचा मास्टर, १५.९ मिमी, क्षेत्रफळ १९८. त्यानं स्लेव्ह जेमतेम १२ मिमी सरकेल. प्लेट सुटणारच नाही. पहिल्या दुकानदाराचा सल्ला इथं संपला.

साडेपाच सुताचा, १७.५ मिमी. स्लेव्ह १४.४ मिमी. नवी असताना सुटेल, मे महिन्यात दुपारी त्रास देईल.

सहा सुताचा, १९.०५ मिमी, क्षेत्रफळ २८५. स्लेव्ह १७.१ मिमी. हाच पाहिजे.

सात सुताचा मास्टर आणि सात सुताचा स्लेव्ह घेतला तर दांडा पूर्ण २३.३ मिमी येईल. प्लेट तर सुटेलच, पण फोर्कचं टोक गरजेपेक्षा नऊ मिमी जास्त सरकेल. फोर्कचं गुणोत्तर दोन धरलं तरी बेअरिंगपाशी साडेचार मिमी जास्त. प्रेशर प्लेटची बोटं तेवढं आत दाबायला बनलेली नसतात. ती वाकतात, क्वचित आत प्लेटच्या स्प्रिंगांना घासतात. दुसऱ्या दुकानदाराची 'ताकद' म्हणजे ही.

पायाला किती जड जाईल? फोर्कवर साठ किलो. स्लेव्ह-मास्टरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मास्टरवर ४४ किलो. त्याला सहाने भागा, पॅडलवर सात-साडेसात. पॅडलची परत आणणारी स्प्रिंग आणि घर्षण धरून नऊ-दहा. दिवसभर चालवायला ठीक.

सहा सुताचा मास्टर घेतला तरी पॅडलखाली अडथळा लावा, म्हणजे कुणी सगळा जोर लावून दाबलं तरी दांडा सतराच्या पुढे जाणार नाही. रबर लावलेला साधा बोल्ट आणि लॉकनट पुरतो.


जालना_मोंढा
९ मे, सकाळी ९.००

स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनाच्या गाड्यांत असतो तसा बेअरिंगभोवतीचाच सिलेंडर का नको? फोर्कही नको, गोळीही नको. मऊ चालतो.


लातूर_औसारोड
९ मे, सकाळी १०.१०

मामा म्हणतेत: "मऊ चालतो, पण गळला की सगळा बॉक्स उतरवावा लागतो. एका तीनशे रुपयांच्या सीलसाठी दिवसभराचं काम. बाहेरचा स्लेव्ह दोन बोल्टांत निघतो. जिथं गाडी रानात उभी राहणार तिथं बाहेरचाच बरा. शिवाय त्याला बेअरिंग आन् बोटं यांच्यामधलं अंतर अगदी मापात लागतं. भंगारातला बॉक्स आन् दुसऱ्याची प्लेट असताना ते जुळवणं अवघड."


जालना_मोंढा
९ मे, सकाळी १०.३०

पटलं.


परभणी_एमएच२२
९ मे, संध्याकाळी ६.४५

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण मला ती फार महागात पडली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं क्लच ऑइल कमी झालं म्हणून एका गॅरेजमध्ये वरून भरून घेतलं. बाटली मी बघितली नाही. त्यांनी पॉवर स्टिअरिंगचं ऑइल भरलं. तिसऱ्या आठवड्यात पॅडल वर यायचंच थांबलं. पायाने उचलून वर आणावं लागायचं. मास्टर उघडला तर आतलं रबर फुगून बसलेलं. मी ते सील हातात घेतलं, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं मऊ आणि टपोरं झालं होतं, बोटानं दाबलं तर कडा चुरगळली. नव्या सीलच्या बाजूला ठेवलं तर दीडपट दिसत होतं. मास्टर, स्लेव्ह, होज, सगळं बदलावं लागलं, कारण ते ऑइल पाइपभर फिरलेलं होतं.

ब्रेक आणि क्लचची रबरं ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनलेली असतात. त्यांना खनिज तेल चालत नाही. डॉट ३ किंवा डॉट ४ एवढंच घाला, आणि स्वतःसमोर सीलबंद बाटली उघडायला लावा. उघडून महिनोन्महिने ठेवलेली बाटली वापरू नका, हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नव्या डॉट ३ चा उकळबिंदू निदान २०५ अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. मी तर डॉट ४ च घालतो.

अजून एक, हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग निघतो. लगेच पाण्यानं धुवा.


मांजराकाठ
९ मे, रात्री ९.३०

परभणीकर, हे वाचून मी आत्ता जाऊन माझ्या गाडीतली बाटली बघितली. डॉट ३ आहे. बरं वाटलं.

केबलचा हट्ट सोडतो. पण धारूरकर, पाइप कुठून नेणार ते नीट ठरवा.


वाळूज_टूलरूम
१० मे, सकाळी ७.३०

पाइपबद्दल थोडक्यात. चेसिसपर्यंत स्टीलचा ४.७५ मिमीचा पाइप, ब्रेकला वापरतात तोच. चेसिसपासून स्लेव्हपर्यंत मात्र लवचीक होज पाहिजेच, कारण इंजिन आणि बॉक्स रबराच्या माउंटिंगवर हलतात. स्टीलचा पाइप सरळ स्लेव्हला जोडला तर तो काही महिन्यांत फ्लेअरपाशी, म्हणजे पसरवलेल्या टोकापाशी, तडकतो. होज नवीन घ्या. जुनी होज आतून फुगते किंवा तिचं अस्तर सुटून वाल्वसारखं अडकतं, मग पॅडल दाबलं जातं पण परत येत नाही.

फ्लेअर कोणता आहे ते बघूनच पाइप बनवून घ्या. एक जातीचा फ्लेअर फुग्यासारखा गोल असतो, दुसरा आत दुमडलेला. दोन्हींचे नट दिसायला सारखे, पण एक दुसऱ्याच्या जागी घातला की कितीही आवळा, पाझरणारच. बेंजो बोल्टच्या (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.


बालाघाट_आरसी
१० मे, दुपारी १२.००

इंजिन बदललेलं नाही असं लिहिलंय म्हणून नुसतं आठवण करून देतो. आरसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. गाडी जुनी आहे, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला आरटीओत न्यावीच लागते. काम सुरू ठेवा, पण गिअर बॉक्सची पावती जपून ठेवा आणि एकदा बीडच्या आरटीओत विचारून घ्या.


धारूरची_कमांडर
१९ मे, रात्री १०.०५

पावती आहे, फाइलला लावली. आरटीओतही जाऊन येतो.

गाडी बसली. आता नीट ऐका, कारण गणित बरोबर येऊनही पहिल्या दिवशी क्लच सुटला नाही.

सहा सुताचा मास्टर, सात सुताचा स्लेव्ह, नवीन होज, डॉट ४. निप्पल वर. हवा काढली. भाऊ पॅडलवर, मी खाली. नंतर मामांची आठवण ठेवून स्लेव्हचा दांडा हातानं हळूहळू आत दाबला, त्यानं उरलेले बुडबुडे पाइपातून वर टाकीत निघून गेले. टाकीत दोन-तीन बारीक बुडबुडे आले आणि थांबले. पॅडल कडक, छान. इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला, करकर.

खाली जाऊन मोजलं. स्लेव्हचा दांडा १७ च्या जागी फक्त १४ येत होता. परत हवा काढली. तेवढाच. गळती कुठं नाही. भाऊ म्हणाला मास्टर खराब आहे, परत नेऊ. मीही पुड्यात घालायला निघालो होतो.

मग वडील आले. त्यांनी या गाडीवर अकरा वर्षं स्टिअरिंग धरलंय. ते बॉनेटपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "दाब बरं पॅडल. आता सोड. परत दाब." मग म्हणाले, "पत्रा हलतोय की रं."

मी बाहेर येऊन बघितलं. पॅडल दाबलं की मास्टर ज्या पत्र्यावर बसवलाय तो पत्रा पुढं इंजिनाकडं फुगत होता आणि सोडलं की मागं येत होता. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं. चेसिसवर चुंबकाचं डायल गेज लावून मोजलं, चार मिलिमीटर. इकडं पिस्टन २३ मिमी जायचा आणि त्यातले चार मास्टर स्वतःच पळून जायचा. चालायला निघालेल्या माणसाला रस्ताच पुढं सरकत जावा, तसं. पूर्वी लिंकेज चेसिसवर होतं, पत्र्यावर कधीच भार आलेला नव्हता. आता त्याच जुन्या पत्र्यावर ४४ किलोचा धक्का, दर वेळी.

पाच मिलिमीटरची प्लेट कापून घेतली, मास्टरच्या जागेपेक्षा चारही बाजूंनी तळहाताएवढी मोठी. पत्र्याच्या आतून एक, बाहेरून एक, मधी पत्रा, आरपार बोल्ट. आतल्या प्लेटपासून पॅडलच्या ब्रॅकेटपर्यंत एक तिरका आधार वेल्ड केला, म्हणजे पॅडल आणि मास्टर एकाच सांगाड्यावर आले. बसवताना पुशरॉड पिस्टनच्या सरळ रेषेत येईल हे बघितलं, तिरका असला तर सील एका बाजूनं झिजतं.

आता डायलवर पाव मिलिमीटरही हलत नाही. स्लेव्ह १७ ला थोडा कमी. रिव्हर्स लोण्यात सुरी जावी तसा पडतो.


वाळूज_टूलरूम
१९ मे, रात्री १०.४०

वडिलांना माझा साष्टांग नमस्कार. मी सगळं गणित मांडलं आणि मास्टर कशावर उभा आहे हे विचारलंच नाही. पॅडलचं गुणोत्तर सहा आहे, म्हणजे पत्रा चार मिमी हलला तर पायाखालचे चोवीस मिमी वाया. मी यापुढं हे पहिलं विचारीन.

एक राहिलं. पॅडल पूर्ण वर असताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिमी मोकळं आहे का?


धारूरची_कमांडर
२० मे, सकाळी ६.५०

काल नव्हतं. आधार लावल्यावर पुशरॉड टेकूनच बसला होता. लॉकनट सोडून अर्धी फेरी मागं घेतला. पण का लागतं ते कळलं नाही.


वाळूज_टूलरूम
२० मे, सकाळी ८.१५

मास्टरमध्ये टाकीकडं जाणारं एक अगदी बारीक छिद्र असतं. पॅडल वर असताना पिस्टन त्या छिद्राच्या मागं पाहिजे, म्हणजे पाइपातलं ऑइल आणि टाकी यांचा रस्ता खुला राहतो. पुशरॉड टेकून पिस्टन जरा पुढं राहिला की ते छिद्र बंद. मग दुपारी इंजिनच्या उष्णतेनं ऑइल फुगतं, त्याला परत जायला जागा नाही, ते स्लेव्हच पुढं ढकलतं. पॅडलला पाय न लावता क्लच अर्धा दाबला जातो आणि घाटात भार आला की प्लेट घसरायला लागते. लोक प्लेट बदलतात, दोष अर्ध्या मिलिमीटरचा असतो.


परभणी_एमएच२२
२० मे, सकाळी ९.००

हे माझ्या मेहुण्याच्या गाडीला होतंय. दुपारीच घसरते, सकाळी ठीक. आजच सांगतो त्याला.


धारूरची_कमांडर
२६ मे, रात्री ९.१५

काल घाटात नेली. मुद्दाम दुपारी दोनला, आठ माणसं आणि चार पोती घेऊन. धारूरचा घाट ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे, वळणं अरुंद, समोरून ट्रक आला की थांबून मागं घ्यावं लागतं. चढावरच थांबलो, दोनदा. हाफ क्लचवर उचलली, घसरली नाही, वास आला नाही. एका वळणावर रिव्हर्स घ्यावा लागला, आवाज न होता पडला.

वरून उतरताना वडिलांनी स्टिअरिंग मागितलं. तिसऱ्या गिअरमध्ये उतरले आणि जुन्या सवयीनं डावा हात दांड्यावर दाबून धरला होता. अर्ध्या घाटात हात काढून स्टिअरिंगवर ठेवला.

घरी येऊन स्लेव्हचं रबर उचलून बघितलं, आत कोरडं. टाकीतली पातळी जागेवर.


मांजराकाठ
२६ मे, रात्री ९.५०

अभिनंदन. पाहुण्यांकडची एक जुनी ट्रॅक्स आहे, तिलाही असंच करायचं म्हणतेत. मी त्यांना मास्टर घेऊन या म्हणालो होतो, आता थांबवलंय. आधी फोर्क मोजायला लावतो. तुमच्यासारखी नट वेल्ड केलेली पट्टी किती जाडीची घेतली?


धारूरची_कमांडर
२६ मे, रात्री १०.००

आठ मिलिमीटर. सहाची घेतली होती ती वाकली. पट्टी आणि लांब बोल्ट माझ्याकडं पडूनच आहेत, केजला येणं होतं, घेऊन येतो. काटाही आणतो. कापसाला दसऱ्याशिवाय लागत नाही.